ऑस्ट्रेलियाचा घरजावई

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन गोरे राहायचे. दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा राहिले. एक थोरले, एक धाकटा. मला सांगायचं आहे ते थोरल्यांविषयी. पण धाकट्याला बाजूला ठेवून थोरल्यांचं काही सांगताच येत नाही. थोरले जे काही होते ते धाकट्याच्या शेजारी उभे राहिले की मगच नीट दिसायचे.

सुप्याच्या एका कारखान्यात पत्र्याचे डबे बनवायची मशिनं ऑस्ट्रेलियाहून आली होती. त्या मशिनांबरोबर ती बसवून देणारी ही दोन माणसं आली. आमचे हे त्याच कारखान्यात स्टोअरला आहेत. नगरच्या हॉटेलातून रोजची ये-जा साहेब लोकांना नकोशी झाली, तेव्हा ह्यांनीच सांगितलं की आमचा वरचा मजला रिकामा आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सातवीचं इंग्रजी माझ्याकडे असतं, म्हणून दुभाष्याचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. आपल्याला इंग्रजी येतं असं तोवर मला वाटत होतं.

थोरले पासष्टीच्या पुढचे, उंच आणि काटकुळे. खरं तर निवृत्त झालेले. पण ते जुनं मशीन त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं म्हणून कंपनीनं त्यांना परत बोलावलं होतं. रविवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट, सँडलमध्ये मोजे आणि डोक्यावर गवताची टोपी. धाकटा पस्तिशीचा, दांडगा, बारा महिने अर्ध्या चड्डीत. तो अनवाणी दुकानात जायचा. ह्या एका गोष्टीवर माझ्या सासूबाई त्याच्यावर पहिल्याच दिवशी, साधा माणूस आहे म्हणून, खूश झाल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

पहिल्या दिवशी थोरले गेटमधून आत येताना गेटच्याच कडीला धडकले आणि कडीला ‘सॉरी’ म्हणाले. आम्हाला वाटलं प्रवासानं थकलेत. पण ते रोजच म्हणायचे. म्हशीला म्हणायचे, कुत्र्याला म्हणायचे, नळाला पाणी आलं नाही तर नळाला म्हणायचे. सकाळी खाली आले की आधी आभाळाकडे बघायचे आणि आत्यांना सांगायचे, “आज ऊन आहे.” हे त्यांचं पहिलं मराठी वाक्य. आत्या म्हणायच्या, “व्हय, हाय की.” सुप्याला वर्षातले दहा महिने ऊनच असतं, त्यात सांगण्यासारखं काय? पण हे बोलणं सहसा चुकायचं नाही. पाऊस लागला तेव्हा थोरले थोडे गडबडले. दोन दिवस नवीन वाक्य पाठ केलं आणि तिसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाले, “आज ऊन नाही.”

ते आले त्या आठवड्यात आत्यांनी त्यांना जेवायला बोलावलं. मासवडी करायची ठरवली. नावापुरताच मासा, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून बेसनाच्या वड्या थापायच्या आणि वर झणझणीत रस्सा. सकाळपासून आत्या खपत होत्या. धाकट्यानं तीनदा मागून घेतलं, घाम पुसत पुसत खाल्लं आणि अंगठा वर केला. थोरल्यांनी ताट अगदी लख्ख केलं, रुमालानं तोंड टिपलं आणि गंभीरपणे काहीतरी म्हणाले. आत्या माझ्याकडे बघायला लागल्या.

“काय म्हनत्यात?”

मी होतं तसं सांगितलं. “म्हणतात, अजिबात वाईट नव्हतं.”

आत्यांचा चेहरा पडला. “वाईट नव्हतं? म्हंजी चांगलं बी नव्हतं. पाच तास राबले मी.”

धाकट्याला कळलं काहीतरी बिनसलंय. मी सांगितल्यावर तो एवढ्यानं हसला की दारातली कोंबडी उडाली. मग त्यानं मला समजावलं. म्हणाला, “हा इंग्रज आहे. इंग्रज माणूस ‘वाईट नव्हतं’ म्हणाला म्हणजे आयुष्यात यापेक्षा चांगलं खाल्लेलं नाही. ‘छान होतं’ म्हणाला असता तर समजायचं, आवडलं नाही. आणि ‘वेगळंच आहे’ म्हणाला तर ताट लगेच उचलायचं.”

मला आठवलं. आत्यांचा आलं घातलेला, साखरेचा उकळलेला चहा पहिल्या दिवसापासून थोरले प्यायचे, आणि रोज म्हणायचे, “वेगळाच आहे.” पुढे कधीतरी मी हे त्यांना विचारलं तेव्हा ते लाजून लाल झाले आणि चष्मा पुसत बसले. पण चहा मात्र शेवटपर्यंत तोच प्यायले. नको म्हणणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

तेव्हापासून मला एक हिशेब कळला. थोरले जे बोलतील ते दहापट करून ऐकायचं. धाकटा जे बोलेल त्यातलं नव्वद टक्के सोडून द्यायचं.

एकदा संध्याकाळी थोरले जिन्यानं सावकाश खाली आले. कमरेला टॉवेल, अंगात तसाच इस्त्रीचा शर्ट. मला म्हणाले, “टीचर, माफ करा, तुम्ही कामात आहात. बाथरूममध्ये थोडासा साप आहे असं वाटतं.”

आत्यांनी विचारलं, मी सांगितलं. आत्या म्हणाल्या, “थोडासा म्हंजी? बाकीचा कुठं गेला?”

चार हात लांब नाग होता, बादलीमागे फणा काढून बसलेला. मी पाहिलं आणि जिन्यातच बसले. धाकटा हातात झाडू घेऊन आला, डोकावला, म्हणाला, “नो वरीज. आमच्याकडे याहून वाईट असतात.” आणि आत निघाला. ह्यांनी त्याला मागून धरून ओढलं. शेवटी सुप्यातला साप पकडणारा पोरगा आला आणि नाग घेऊन गेला. थोरले तेवढा वेळ जिन्याच्या खाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची क्षमा मागत होते, टॉवेलवर असल्याबद्दल.

धाकट्याला कशाचीच काळजी वाटायची नाही. थोरल्यांना वाटायची, पण ते ती रुमालासारखी घडी घालून खिशात ठेवायचे.

ह्या दोघांचं आपसातलं बोलणं हा आमच्या घरात पहिले काही दिवस चिंतेचा विषय होता. सकाळी धाकटा गच्चीवरून ओरडायचा, “उठलास का रे किरकिऱ्या पॉम? आज राजाचा फोन आला का?” पॉम म्हणजे इंग्लंडहून आलेला माणूस. तिकडची बोलायची रीत. थोरले चहाचा कप न हलवता शांतपणे म्हणायचे, “आला होता. तुमचा देश परत घेऊ का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, राहू द्या, धुऊन घ्यावा लागेल.” त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. धाकट्याला ते पोचायला थोडा वेळ लागायचा आणि मग खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघतील एवढा हसायचा.

“ह्यांची रोज सकाळी भांडनं हुत्यात का गं?” आत्यांनी विचारलं. “त्यो धाकला लई तोंडाळ हाय. बापाच्या वयाचा मानूस त्यो.”

मी धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, “आमच्याकडे ज्याच्यावर जीव असतो त्याला असंच बोलतात. ज्याच्याशी आम्ही नीट बोलतो, त्यानं जपून राहावं.”

हे मात्र आत्यांना चटकन पटलं. आमच्या गल्लीत एक सव्वाशे किलोचा माणूस आहे, त्याला सगळा गाव बारक्या म्हणतो. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा कंसात बारक्या छापलं होतं. हे ऐकून धाकट्याला इतका आनंद झाला की तो मुद्दाम बारक्याला भेटून आला. त्यांच्याकडेही ज्याच्या डोक्यावर केस नाहीत त्याला कुरळ्या म्हणतात म्हणे. पुढे कारखान्यातल्या पोरांची आणि धाकट्याची महिन्याभरात गट्टी झाली. दोन्हीकडून शिव्यांची देवाणघेवाण झाली. थोरल्यांना मात्र सगळे ‘सर, सर’ करायचे. ते समोर आले की पोरं तंबाखू थुंकून सरळ उभी राहायची.

थोरल्यांना हे लागत असणार, पण ते बोलले नाहीत. एकदा वडापावच्या गाडीवरून अर्ध्या तासानं रिकाम्या हातानं परत आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “मी रांगेत उभा होतो.” तिथे रांग नसते. थोरले एकटेच रांग करून उभे होते आणि माणसं दोन्ही बाजूंनी येऊन वडापाव घेऊन जात होती. धाकटा गेला, कोपरानं वाट काढली आणि पाच मिनिटांत चार घेऊन आला. तेव्हा थोरले स्वतःशीच म्हणाले, “चाळीस वर्षं झाली, अजून लोकांत मिसळायला जमत नाही.” मला वाटलं, सुप्याबद्दल बोलतायत. ते ऑस्ट्रेलियाबद्दल बोलत होते.

हे कळलं उन्हाळ्यात. आत्यांनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि राखणीचं काम थोरल्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. छत्री उघडून, टोपी घालून ते खुर्चीवर बसायचे आणि कावळा आला की “एक्सक्यूज मी” म्हणून उठायचे. त्या दिवशी आत्या आणि मी कुरडया उलटायला वर गेलो. आत्यांनी सहज विचारलं, “तुमी दोघं एकाच गावचे का ओ?”

थोरल्यांनी छत्री मिटली आणि बराच वेळ सांगत बसले. ते इंग्लंडचे. पंचविशीत दोन वर्षांच्या कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे एका शाळेतल्या बाईंशी लग्न झालं आणि दोन वर्षांची चाळीस झाली. तिथले लोक अजून त्यांना पॉम म्हणतात. आणि इंग्लंडला बहिणीकडे गेले की तिथले म्हणतात, तुझं बोलणं ऑस्ट्रेलियन झालं. हसायलासुद्धा त्यांना दोन्हीकडे वेगवेगळं लागायचं. इंग्लंडात स्वतःवर विनोद करायचा, ऑस्ट्रेलियात दुसऱ्यानं आपल्यावर केलेला सोसायचा. बायको होती तोवर ती मध्ये उभी राहायची, एकाचं दुसऱ्याला सांगायची. ती तीन वर्षांपूर्वी गेली.

“तुमच्या सुप्यात एक बरं आहे,” ते म्हणाले. “इथे आम्ही दोघंही नुसते गोरे. कुणाला फरकच कळत नाही. मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा जरा विश्रांती मिळाली.”

मी आत्यांना सगळं सांगितलं. आत्या कुरडई हातात धरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजी बायकूच्या गावात जाऊन राह्यला. घरजावई हाय म्हन की!”

मला हसू आवरेना. थोरल्यांना अर्थ सांगायला मला पाच मिनिटं लागली. सासरी राहणारा जावई. मान जावयाचा, पण गाव परकं ते परकंच. थोरल्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. इंग्रजीत ह्याला एक शब्द नाही, म्हणाले. आणि मग आत्यांनी त्यांना आणखी एक सांगितलं. “आमच्या मालकांचा आजा खर्ड्याहून आला हुता हितं. चार पिढ्या झाल्या. जमीन हितं, मसनवटा हितं. अजून गाव आमाला खर्ड्याचेच म्हनतंय. त्यात काय वाईट वाटून घ्यायचं? नाव कुटलं का असंना, ताट हितं वाढलेलं हाय ना?”

थोरल्यांनी त्या दिवशी ‘मी घरजावई’ हे वाक्य पाठ केलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात पाळी सुरू व्हायच्या वेळी चाळीस माणसांसमोर उभे राहून स्वच्छ मराठीत म्हणाले, “नमस्कार. मी ऑस्ट्रेलियाचा घरजावई.” आमचे हे सांगतात, माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून कोणीतरी ओरडलं, “जावईबापू, मानपान झाला का?” आणि सगळी शेड हसली. त्यानंतर ‘सर’ गेलं ते गेलंच. काम अडलं की “जावई रुसले,” त्यांनी नवा शर्ट घातला की “सासऱ्यानं आहेर केला.” संध्याकाळी घरी आल्यावर थोरले मला म्हणाले, “टीचर, आज मला तिघांनी चिडवलं.” शाळेतलं पोर बक्षीस सांगतं तसं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, काम संपत आलं असताना, एका रविवारी सकाळी थोरले स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. डोक्यावर टोपी होती. त्या दिवशी ते आभाळाबद्दल काही बोलले नाहीत. चेहरा राखेसारखा, शर्ट घामानं चिकटलेला. म्हणाले, “टीचर, त्रास देतोय, माफ करा. जरा विचित्र वाटतंय. घाई काही नाही. तुमचं काम होऊ द्या.”

“पित्त झालं असंल,” आत्या म्हणाल्या. “जिरं-साखर दे त्याला.”

मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकली. त्यांच्या तोंडून ‘घाई नाही’ हे शब्द मी कधी ऐकले नव्हते, आणि मला तो ‘थोडासा साप’ आठवला. मी वर जाऊन धाकट्याला उठवलं, शेतावर गेलेल्या ह्यांना फोन लावला. हे चिखलाच्या पायांनीच आले आणि आम्ही थोरल्यांना गाडीत घालून नगरला नेलं. सबंध रस्ता थोरले एक हात छातीवर धरून ह्यांची माफी मागत होते, रविवार वाया घालवल्याबद्दल. हॉस्पिटलात ताबडतोब आत घेतलं. हृदयाचा झटका होता. त्याच दुपारी स्टेंट घातला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, अंगात अजून झोपेतलाच बनियन होता.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. धाकटा खाटेशेजारी बसला होता. अगदी हळू आवाजात थोरल्यांना नावानं हाक मारत होता. पाणी देऊ का, उशी ठीक आहे का, खिडकी लावू का, प्लीज. तो बाहेर गेल्यावर थोरल्यांनी मला जवळ बोलावलं.

“टीचर, खरं सांगा. डॉक्टर माझ्यापासून काही लपवतायत का?”

“नाही सर. का?”

“तो माझ्याशी सभ्यपणे वागतोय.”

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या वर्षी ते एका बांधकामावर होते. सोबतचे लोक त्यांना दिवसभर नावं ठेवायचे, त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचे. त्यांना वाटायचं, हे आपला द्वेष करतात. परतीचं तिकीट काढायचं ठरवलं होतं. अशात घरून वडील गेल्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर एकानंही त्यांना चिडवलं नाही. सगळे नावानं हाक मारत होते, दार उघडून धरत होते. “तो माझा सगळ्यात वाईट दिवस होता,” ते म्हणाले. “वडील गेले होते आणि माझे सोबतीही गेल्यासारखे वाटत होते. चौथ्या दिवशी एकानं मला परत शिवी घातली, तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन रडलो. तिकीट काढलं नाही.”

मी बाहेर आले. धाकटा जिन्यात बसून डोळे पुसत होता. मी त्याला एवढंच सांगितलं, “तुम्ही असे बोलता म्हणून त्यांना वाटतंय आपण मरणार.”

तो उठला, बाहीनं नाक पुसलं, आत गेला आणि दारातूनच म्हणाला, “काय रे म्हाताऱ्या पॉम, मशिनाचं शेवटचं काम माझ्यावर ढकलायला एवढं नाटक?” आवाज मध्येच फाटला, पण त्यानं वाक्य पुरं केलं. थोरल्यांनी डोळे मिटले. “नर्सचे हात तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत,” ते म्हणाले. “त्यासाठी आलो.” संध्याकाळपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

घरी आणल्यावर आत्यांनी त्यांचा ताबा घेतला. बिनमिठाची भाजी, ज्वारीची भाकरी, दुपारी सक्तीची झोप. तीन आठवड्यांनी विमानात बसायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि इथे नवीन अडचण उभी राहिली. थोरल्यांना परत जाऊन राहायचं होतं ते एकट्यानं, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात. बायको गेल्यावर मोठं घर त्यांनी विकून टाकलं होतं. लिफ्ट नव्हती. मूलबाळ नव्हतं. इंग्लंडची बहीण स्वतःच अंथरुणाला खिळलेली.

एक दिवस धाकट्यानं त्यांना सांगितलं, “माझ्या घरामागे एक खोली आहे. ये राहायला.” थोरले म्हणाले, “फार आभारी आहे. पण नको, तुला कशाला त्रास.” धाकटा म्हणाला, “बरं.” विषय संपला.

त्यानंतर चार दिवस दोघं मोजकं बोलत होते. सकाळची आरडाओरड बंद. धाकटा मला म्हणाला, “त्याला माझी खोली कमी वाटली. शेवटी इंग्रज तो इंग्रजच.” थोरल्यांना मी आडून विचारलं तेव्हा ते म्हणाले, “त्यानं विचारलं हा त्याचा चांगुलपणा. मनापासून नव्हतं ते. मनापासून असतं तर परत विचारलं असतं ना?”

मी दोघांच्या मध्ये अडकले. ह्याचं त्याला सांगावं तर तो अपमान मानणार, त्याचं ह्याला सांगावं तर हा लाजून मरणार. त्या संध्याकाळी भुईमुगाच्या शेंगा फोडताना मी सगळं आत्यांना सांगितलं.

आत्यांचा हात थांबला. “एकदाच इचारलं त्यानं?”

“हो.”

“आनि हा नको म्हनला म्हून गप बसला? अगं, दुसरी भाकरी तरी एकदा इचारल्यावर कोन घेतं का? पाव्हना पयल्यांदा न्हाईच म्हननार. दुसऱ्यांदा बी. ही काय रीत झाली का इचारायची?” त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. “बोलव त्या धाकल्याला खाली.”

धाकटा आला. आत्यांनी त्याला समोर बसवून, बोट नाचवून सांगितलं आणि मी ते इंग्रजीत सांगत गेले. तीनदा विचारायचं. पहिल्या दोनदा तो नको म्हणणार, ते मोजायचं नाही. धाकट्याचा विश्वास बसेना. “माणूस नको म्हणतो म्हणजे नको. परत विचारणं म्हणजे त्याच्या मागे लागणं झालं. आमच्याकडे ते उद्धट समजतात.”

“त्याला म्हनावं, मागंच लाग,” आत्या म्हणाल्या.

थोरले ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पुण्याच्या रस्त्यावरचे ट्रक बघत बसायची त्यांची वेळ होती ती. धाकटा जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. आम्ही दोघी दारात. एवढा दांडगा माणूस, पण शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखे त्याचे हात लोंबत होते.

“ती खोली आहे,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी.”

“किती चांगला आहेस तू,” थोरले म्हणाले. “पण खरंच नको.”

धाकट्यानं वळून आमच्याकडे पाहिलं. आत्यांनी दोन बोटं दाखवली.

“खोली रिकामीच आहे. त्यात नुसतं माझं जुनं सामान पडलंय.”

“तुझ्या बायकोला आवडणार नाही. घरात म्हातारा माणूस म्हणजे अडगळ.”

“तिनंच सांगितलंय तुला आणायला.”

“तो तिचा मोठेपणा. पण नको.”

धाकटा परत वळला. आत्यांनी तिसरं बोट वर केलं. धाकट्याचा चेहरा लाल झाला होता. एकदम त्याचा आवाज चढला, रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबून बघायला लागला.

“अरे मूर्ख पॉम, मी तुला विचारतोय! मी सभ्यपणा करत नाहीये. मी तुझ्याशी आयुष्यात कधी सभ्यपणा केलाय का?”

थोरल्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांचे पांढरे केस वाऱ्यानं उभे राहिले होते. रस्त्यानं एक कांद्याचा टेम्पो गेला, मग दुसरा गेला. मला वाटलं आत्यांचं चुकलं, आपण उगीच मध्ये पडलो.

मग थोरल्यांनी घसा साफ केला.

“खोलीला खिडकी आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” धाकटा म्हणाला. “पाडतो.”

“पूर्वेला?”

“तू म्हणशील तिकडे.”

आत्यांनी माझा दंड धरला. “काय म्हनत्यात गं? न्हाईच म्हनला का?”

“नाही हो आत्या. खिडकीचं बोलतायत. खिडकी कुठल्या बाजूला पाडायची ते विचारतायत.”

“खिडकीचं इचारतोय?” आत्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला आत वळल्या. “मग राह्यला त्यो.”